तराजूवर न येणारा माल

व्यापाराच्या इतिहासात मालाने आजवर अनेक रूपे बदलली आहेत. धान्य, कापड, सोने ही हाताला लागणारी रूपे. त्यानंतर हुंडी आली आणि एका गावी भरलेली रक्कम दुसऱ्या गावी केवळ कागदावर मिळू लागली. पुढे कंपन्यांच्या भागांचे कागद आले आणि अलीकडच्या काळात तो कागदही नाहीसा होऊन खात्यातील आकडा तेवढा उरला. प्रत्येक वेळी जुन्या पिढीने आधी मान हलवली आणि मग यथावकाश तोच व्यवहार आपल्या वहीत घेतला. त्यामुळे संगणकावरील खेळातली तलवार किंवा चाकू खऱ्या पैशांना विकला जातो असे घरातील तरुणाने सांगितले, तर ते हसण्यावारी नेणे व्यापारी घराला शोभणारे नाही. माल पाहावा, पारखावा आणि मग बोलावे, हीच पेढीची रीत आहे.

बार्शीच्या भुसार पेठेत आडतीचे दुकान असलेल्या एका कुटुंबात २०२५च्या दिवाळीत ही पारख करण्याची वेळ आली. पुण्यात वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या नातवाने भाऊबीज आटोपल्यावर आजोबांकडे दोन लाख रुपये मागितले. 'काउंटर स्ट्राइक' या खेळातील शस्त्रांवरची रंगीत वेष्टने आणि नक्षीदार चाकू विकत घेऊन ते चढ्या भावाने विकावेत, असा त्याचा बेत होता. खिशातल्या पैशांवर दोन वर्षे त्याने हा उद्योग करून पाहिला होता आणि त्यात थोडाफार नफाही मिळवला होता. आता भाव एकाएकी कोसळले होते. "पडत्या भावात खरेदी करावी, हे तुम्हीच शिकवले आहे, आजोबा," असे तो म्हणाला. हे वाक्य आजोबांना उडवून लावता आले नाही, कारण ते त्यांचेच होते.

त्यांनी लगेच होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. सुट्टीचे चार दिवस शिल्लक होते. रोज संध्याकाळी दुकान वाढवल्यावर, चौविहारापूर्वीचे जेवण उरकून, दोघे ओसरीवर बसत आणि आजोबा एकेक प्रश्न विचारीत.

पहिला प्रश्न साहजिकच मालाविषयी होता. जे खाता येत नाही, नेसता येत नाही, त्याला किंमत कशी येते? नातवाने उत्तरादाखल सुरुवातीचा इतिहास सांगितला. १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' हा खेळ निघाला. हजारो लोक एकाच काल्पनिक भूमीत एकत्र खेळत. तिथले शस्त्र किंवा नाणे मिळवायला शेकडो तास लागत. ज्यांच्याकडे वेळ होता पण पैसा नव्हता, ते या वस्तू ईबेवर लिलावात मांडू लागले. ज्यांच्याकडे पैसा होता पण वेळ नव्हता, ते विकत घेऊ लागले. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये त्या लिलावांतील भावांवरून हिशेब मांडला, तेव्हा त्या काल्पनिक भूमीचे दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर भरले. म्हणजे नकाशावर नसलेला तो देश रशियाच्या खालोखाल आणि बल्गेरियाच्या वर होता.

आजोबांनी हे लक्षपूर्वक ऐकले. दुर्मीळ वस्तू, तिच्यामागे खर्चलेला वेळ आणि ती हवी असणारा गिऱ्हाईक, या तीन गोष्टी जिथे आहेत तिथे भाव असणारच. किमतीविषयीची त्यांची शंका त्या संध्याकाळी फिटली.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी विचारले, "हा माल पिकवतो कोण?" नातू जरा थांबला. या धंद्याचा तो भाग त्याला ठाऊक होता; पण तो आपण होऊन सांगावा असा नव्हता. चीनमध्ये अशा कामासाठी कारखानेच उभे राहिले होते. २००७ मध्ये ज्युलियन डिबेल या अमेरिकी लेखकाने नानजिंगमधल्या एका कारखान्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तिथे तरुण मुले बारा-बारा तासांच्या पाळीत, आठवड्याच्या सातही रात्री, एकाच प्रकारचे काल्पनिक शत्रू मारीत आणि त्यांची नाणी गोळा करीत. शंभर नाण्यांमागे मजुराला दहा युआन, म्हणजे सुमारे सव्वा डॉलर मिळे. ताशी मजुरी साधारण तीस सेंट पडे. मालक तीच नाणी तीन डॉलरला किंवा थोड्या अधिकाने पुढच्या व्यापाऱ्याला देई आणि अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या खेळाडूला ती वीस डॉलरपर्यंत पडत. जागतिक बँकेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात या साऱ्या उद्योगाची २००९ची उलाढाल तीन अब्ज डॉलर धरली होती.

आजोबांनी मनातल्या मनात हिशेब केला. विसांतले सव्वा पिकवणाऱ्याला आणि उरलेले मधल्यांना. बाजार समितीच्या आवारात आडत, हमाली, तोलाई हे सारे ठरलेले असते आणि शेतकऱ्याच्या पट्टीवर लिहून द्यावे लागते. तरीही शेतकऱ्याची तक्रार असतेच आणि ती पुष्कळदा खरीही असते, हे पन्नास वर्षे आडत केलेल्या माणसाला माहीत होते. पण इथे पट्टीच नव्हती. नातू म्हणाला, "माझ्या मालाचे तसे नाही. चाकू मजूर पिकवीत नाहीत, ते पेटीतून निघतात."

"पेटीतून म्हणजे?"

पेटी मोफत मिळते, पण तिची किल्ली सुमारे अडीच डॉलरला विकत घ्यावी लागते. आत काय निघेल ते आधी कळत नाही. चाकू निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. बेल्जियमच्या द्यूत-नियामक आयोगाने २०१८ मध्ये अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगारात मोडतात असे ठरवले, हेही नातवाने प्रामाणिकपणे सांगितले. आपण स्वतः पेट्या उघडत नाही, दुसऱ्याने काढलेला चाकू विकत घेतो, असे तो पुढे म्हणाला. आजोबांनी त्यावर काही टिप्पणी केली नाही. माल कोठून येतो, हे मात्र त्यांनी मनात टिपून ठेवले.

तिसरी संध्याकाळ विश्वासाची होती. पेढी भांडवलावर चालते असे बाहेरचे लोक समजतात. खरे तर ती पतीवर चालते. आजोबांनी विचारले, "कोणी बुडवले तर दाद कोठे मागायची?" नातवाने दोन हकीकती सांगितल्या.

पहिली शांघायची. तिथल्या एका खेळाडूने 'लेजंड ऑफ मीर ३' या खेळातली एक मौल्यवान तलवार ओळखीच्या माणसाला वापरायला उसनी दिली. त्याने ती ७,२०० युआनला परस्पर विकून टाकली. तलवारीचा धनी पोलिसांकडे गेला, तेव्हा अशा वस्तूंना कायद्याचे संरक्षण नाही असे त्याला सांगण्यात आले. विकणाऱ्याने पैसे देण्याचे कबूल केले होते. पण धन्याचा धीर सुटला आणि त्याने त्या माणसाचा जीव घेतला. २००५ मध्ये न्यायालयाने त्याला स्थगितीसह मृत्युदंड सुनावला. तलवार काल्पनिक होती, परंतु एक घर उजाड झाले आणि दुसऱ्या घरातला माणूस तुरुंगात गेला.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. उसनवारीतून तुटलेली घरे त्यांनी पेठेतही पाहिली होती. पण तिथे निदान पंच होते, वही होती, कोर्ट होते. माणूस रागापर्यंत पोहोचण्याआधी त्याला थांबवणाऱ्या तीन-चार पायऱ्या होत्या.

दुसरी हकीकत 'ईव्ह ऑनलाइन' या आइसलँडमधील कंपनीच्या खेळाची. तिथे खेळाडूंनीच एक पेढी काढली होती. लोक आपले काल्पनिक चलन तिच्यात ठेव म्हणून ठेवीत आणि त्यावर व्याज घेत. २००९ मध्ये त्या पेढीच्या प्रमुखाने, एका ऑस्ट्रेलियन तरुणाने, ठेवींतले सुमारे दोनशे अब्ज नाणे काढून बाहेर खऱ्या पैशांना विकले. त्याला सहा हजारांवर ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. घराची अनामत आणि मुलाचे औषधपाणी यासाठी आपण हे केले, असे त्याने सांगितले. बातमी फुटताच ठेवीदारांची रीघ लागली. कंपनीने त्याला खेळातून काढून टाकले खरे. पण ते ठेव लुबाडल्याबद्दल नव्हे. त्या खेळात कपटाने लुटणे नियमबाह्य नाही. खेळातले चलन बाहेर खऱ्या पैशांना विकले, एवढाच त्याचा अपराध ठरला.

हे ऐकून आजोबा प्रथमच चकित झाले. मुलाच्या आजारपणाने माणूस वाकतो, हे त्यांना समजू शकत होते. न समजण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. त्या पेढीत ठेव ठेवणारे लोक खरे होते, त्यांचे कष्ट खरे होते, त्यांनी टाकलेला विश्वासही खरा होता. तरीही तिथल्या नियमांत ठेव बुडवणे हा गुन्हाच नव्हता. "म्हणजे अनामत हा शब्द तिथे नाही," ते हलकेच म्हणाले.

चौथ्या दिवशी मुख्य प्रश्न उरला होता. भाव पडले, ते का पडले? नातवाने सांगितले की इतके दिवस चाकू केवळ पेटीतून निघत. अमेरिकेतल्या तारखेने २२ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्याकडे पाडव्याला नव्या वह्या पुजल्या त्याच सुमारास, व्हॉल्व्ह कंपनीने एक नियम बदलला. तांबड्या श्रेणीची पाच वेष्टने दिली की त्यांच्या बदल्यात एक चाकू किंवा हातमोजे मिळण्याची सोय झाली. चाकू दुर्मीळ राहिले नाहीत. दोन दिवसांत अनेक चाकूंचे भाव निम्म्यावर आले, तांबड्या वेष्टनांचे भाव कित्येक पटींनी चढले आणि बाजारावर नजर ठेवणाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे एकूण दीड ते दोन अब्ज डॉलरचे मूल्य उतरले.

आजोबांनी तुरीची आठवण काढली. तुरीचा भाव पावसाने पडतो, आवकेने पडतो, सरकारी आयातीने पडतो. पण यातले काहीही एका माणसाच्या टेबलावर एका दुपारी ठरत नाही. ढग आधी दिसतात, पेरा आधी कळतो. शिवाय पोते गोदामात आपल्या कुलपात असते. इथे गोदामही कंपनीचे, कुलूपही तिचे, काटाही तिचाच आणि आडतही तीच घेते. कंपनीच्या स्वतःच्या बाजारात विक्रीवर सुमारे पंधरा टक्के कापले जातात आणि मिळालेले पैसे तिच्याच पाकिटात राहतात; रोख हवी असेल तर बाहेरच्या संकेतस्थळांकडे जावे लागते. करारात तर स्वच्छ लिहिलेले असते की खेळाडूला वापरण्याची परवानगी मिळते, मालकी नव्हे.

आपल्याकडच्या पोरांनी याचा अनुभव एकदा घेतलाही होता. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने 'पब्जी मोबाइल'वर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला त्याची भारतातली सेवा थांबली. पॉकेटमनी साठवून घेतलेले पोशाख आणि बंदुका एका रात्रीत बंद दाराआड गेल्या. जुलै २०२१ मध्ये तो खेळ नव्या नावाने परत आला आणि पुष्कळांना आपले सामान तिकडे हलवता आले. पण मधले आठ महिने त्या मालाचा धनी कोण होता, याचे उत्तर पोरांजवळ नव्हते.

"मग हा धंदा वाईटच म्हणायचा का?" नातवाने विचारले. त्याच्या स्वरात थोडा राग होता, थोडी निराशाही.

आजोबांनी तसे म्हटले नाही. दोन गोष्टी मात्र सांगितल्या. पेढीतले दोन लाख देता येणार नाहीत, कारण ते त्यांचे एकट्याचे नव्हेत. त्यात आत्याबाईंची ठेव आहे, दोन हमालांची साठवण आहे, पट्टी व्हायची राहिलेल्या शेतकऱ्यांचे पैसे आहेत. ज्या बाजारात अनामत या शब्दाला अर्थ नाही, तिथे दुसऱ्याची अनामत नेऊन ठेवणे बरोबर नाही. ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट पडत्या भावाची. "पडत्या भावात तूर घ्यावी असे मी शिकवले, ते खरे," ते म्हणाले. "पण भाव पुन्हा चढलाच नाही, तर तूर निदान शिजवून खाता येते. तुझ्या पैशांतून तू चाकू घे. पण भाव कधीच वर आला नाही, तरी ज्याच्याशी आनंदाने खेळशील, एवढेच घे. त्याहून एक जास्त नको."

नातवाला यावरून 'डायब्लो ३'ची गोष्ट आठवली. २०१२ मध्ये ब्लिझार्ड कंपनीने त्या खेळाच्या आतच खऱ्या पैशांचा बाजार मांडला होता. लोक राक्षस मारून शस्त्रे मिळवण्याऐवजी सरळ दुकानात जाऊन ती घेऊ लागले. खेळाचा प्राण जातो आहे हे ओळखून कंपनीने मार्च २०१४ मध्ये तो बाजार स्वतःहून बंद केला. आजोबांना ही गोष्ट आवडली. हाती आलेली दलाली कोणी आपण होऊन सोडली, हे त्यांना विशेष वाटले.

पुण्याला निघण्यापूर्वी नातवाने एक कोरी वही मागून घेतली. तिच्यात त्याने आपल्याजवळच्या सात वस्तूंची नोंद केली. खरेदीची किंमत लिहिली, त्या दिवसाचा भाव लिहिला आणि तिसरा रकाना आखून त्यात 'भाव शून्य झाला तरी ठेवीन' किंवा 'ठेवणार नाही' असे लिहीत गेला. सातांपैकी दोनच वस्तूंपुढे 'ठेवीन' असे लिहिले गेले. उरलेल्या पाच विकायच्या की नाहीत, हे त्याने आजोबांना सांगितले नाही आणि आजोबांनीही विचारले नाही.