पेटीतली रिकामी जागा

बोअरमधून वर येणाऱ्या पाण्याचा रंग बघत बसणं, यासारखं कंटाळवाणं काम पायासाठी खडक तपासण्याच्या आमच्या धंद्यात नाही. बिट तापू नये म्हणून पाणी सोडतात, आणि ते खडकाची भुकटी घेऊन वर येतं. राखाडी येतंय तोवर खाली पाषाण. एकदम विटकरी झालं की ड्रिलरला हात करायचा: थांब, खोली मोज.

शहापूर-मुरबाडची जमीन म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. १८९२ सालचं तानसा धरण घ्या, नाहीतर जून २०२५ मध्ये सुरू झालेला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा घ्या, पाया याच दगडात. पण दोन थरांच्या मधे कधीकधी बराच काळ गेला. खालच्याचा माथा झिजून माती झाली आणि वरून आलेल्या लाव्हाने ती भाजून काढली. हा रेड बोल. जागेवर दबलेला असतो तोवर घट्ट. उघडा पडून पाणी प्यायला की बोटांनी चुरगळतो. आमच्या ड्रिलिंगच्या पाण्यानेही तो धुऊन जातो, आणि खरी गोम इथेच आहे.

मग पेटीत काय येतं? लाकडी पेटीच्या खाचांत बोअरमधून काढलेल्या खडकाच्या गाभ्याचे ५४.७ मिलिमीटर जाडीचे तुकडे, ओले असताना काळेभोर, हातोडीने टिचकी मारली तर खणखणीत. शेणव्याजवळच्या ओढ्यावर एका लहान पुलाचं काम होतं. साडेचार ते सहा मीटरच्या रनमध्ये, म्हणजे एका दमात पाडलेल्या लांबीत, सव्वा मीटर गाभा मिळाला, रिकव्हरी ८३ टक्के. दहा सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज ११७ सेंटिमीटर, म्हणजे खडकाचा दर्जा सांगणारा आकडा, आरक्यूडी, ७८ टक्के. आरक्यूडीवरून खडकाची प्रत ठरवणाऱ्या डिअरसाहेबांच्या कोष्टकात हा 'चांगला' खडक. अहवाल वाचणारा इथे पान उलटतो. मला मात्र न आलेल्या पंचवीस सेंटिमीटरांची काळजी. हेल्पर पोरगा सवयीने तुकडे एकमेकांना भिडवून पेटी छान दिसेलशी लावत होता. त्याला थांबवलं आणि जिथे सांधा जुळत नव्हता तिथे लाकडाचा ठोकळा बसवून त्यावर खोली लिहिली. त्याचा तरी काय दोष? ड्रिलिंगचे पैसे मीटरवर मिळतात, गाभ्यावर नाही. सावकाश चालवणारा उपाशी राहतो.

(गाभा न काढता, हातोडा आपटून जमिनीचा टणकपणा मोजण्याच्या चाचणीवर भिस्त ठेवणाऱ्यांना इथे वेगळाच धडा मिळतो. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून पडतो आणि मुरुमातल्या एका गोट्यावर उसळी मारतो. वहीत नोंद होते 'रिफ्युजल', म्हणजे पुढे जात नाही, आणि खडक लागला म्हणून सगळे चहाला जातात.)

त्या दिवशी बांधावरून एक काका हे सगळं बघत होते. "पानी लागला का, साहेब?" या भागात रिग उभी राहिली की हा प्रश्न ठरलेला. धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकर येतो. जमिनीला भोक पाडायचं दुसरं कारण त्यांना पटावं तरी कसं? मीच उलट विचारलं, तुमच्या विहिरीत पाणी कुठून येतं?

"तीन परसावर तांबडी हाय. तिच्या वरनंच झरा येतो."

विहिरीत डोकावलो. काळ्या दगडात वीतभर रुंदीची तांबडी पट्टी, जवळपास आडवी, आणि बरोबर तिच्या डोक्यावर ओल. वरच्या दगडाच्या भेगांतून उतरलेलं पाणी या मातकट थरावर अडतं. लेव्हल लावून विहिरीचा काठ आणि बोअरचं तोंड जुळवलं, तर पट्टी माझ्या ठोकळ्याच्या आसपास आली.

शेजारीच दुसरं बोअर घेतलं. गाभा पाण्यापासून जपणारं डबल ट्यूब बॅरल, पाणी अगदी बेताचं, रन अर्ध्या अर्ध्या मीटरचे. ड्रिलर दिवसभर धुसफुसत होता. संध्याकाळी तांबडा गाभा अख्खा वर आला. तो पेटीत वाळून फुटू नये म्हणून लगेच मेण लावून गुंडाळला.

पाया त्या थराच्या खाली न्यावा लागला आणि अंदाजपत्रक फुगलं. त्यावर झालेल्या मीटिंगमध्ये मी आधी विहिरीचा फोटो दाखवला, पेटीचा नंतर.