शेवटचा क्रमांक

परवां शाळेंतील धांवण्याच्या शर्यतीहून आमची नात घरीं आली ती थेट माजघरांत जाऊन बसली. "कितवी आलीस?" असें आम्हीं विचारतांच "शेवटची" एवढेंच उत्तर आलें. "मग धांवायला गेलीस तरी कशाला?" हे शब्द आमच्या तोंडून निघून गेले. एकदां सुटलेला शब्द परत घेतां येत नाहीं. त्या रात्रीं झोंप येईना, तेव्हां पूर्वीं वाचलेली ब्राझीलमधील एका स्त्रीची हकीकत आठवली.

या बाईंचें नांव एलिओनोरा मेंदोन्सा. लांब पल्ल्याच्या शर्यती धांवणें हा त्यांचा ध्यास. परंतु त्या काळीं ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांसाठीं तसली शर्यतच नव्हती. १९२८ सालीं आम्स्टरडॅम येथें स्त्रिया ८०० मीटर धांवल्या; कांहींजणी शेवटीं दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून ती शर्यत बंद झाली. पुढें १९६० पर्यंत २०० मीटरहून लांबची शर्यत त्यांच्या वांट्यास आली नाहीं. १९८० च्या मॉस्को सामन्यांतही मर्यादा १५०० मीटरचीच. पुरुषांची मॅराथॉन मात्र १८९६ पासून चालू होती. स्त्रीदेह नाजूक, त्यास एवढे श्रम सोसणार नाहींत, असें सांगणारे पुष्कळ. सोसतात कीं नाहीं हें पाहूं देणारे थोडे!

१९७९ सालीं कांहीं धांवपटूंनीं व त्यांच्या हितचिंतकांनीं एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन केली. स्त्रियांनाही लांब पल्ल्याच्या शर्यती मिळाव्यात, ही तिची मागणी. मेंदोन्साबाई या समितीच्या सभासद होत्या. अशा अनेकांच्या खटपटीस १९८१ सालीं यश आलें व स्त्रियांच्या मॅराथॉनला ऑलिंपिकमध्यें मान्यता मिळाली.

ती पहिली शर्यत ५ ऑगस्ट १९८४ रोजीं लॉस एंजेलिस येथें झाली. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. पन्नास स्त्रिया निघाल्या. अमेरिकेच्या जोन बेनॉइट २ तास २४ मिनिटें ५२ सेकंदांत पहिल्या आल्या. मेंदोन्साबाईंस लागले २ तास ५२ मिनिटें १९ सेकंद. त्यांचा क्रमांक चव्वेचाळिसावा. आणि शर्यत पुरी करणाऱ्या स्त्रिया चव्वेचाळीसच होत्या! म्हणजे जी वाट मोकळी व्हावी म्हणून त्या झटल्या, त्याच वाटेवर त्या सर्वांच्या मागून पोंचल्या. उरलेल्या सहाजणींस शेवट गांठतां आला नव्हता.

बक्षिसांच्या यादींत त्यांचें नांव नाहीं. तथापि १९८८ सालीं स्त्रियांची दहा हजार मीटरची व १९९६ सालीं पांच हजार मीटरची शर्यतही ऑलिंपिकमध्यें सुरू झाली. आज त्या शर्यतींत धांवणाऱ्या मुलींस मेंदोन्साबाईंचा क्रमांक विचारण्याचें कारण नाहीं. शर्यत आहे, हेंच त्यांचें देणें.

सकाळीं नातीस जवळ बसवून ही हकीकत सांगितली. ऐकून ती म्हणाली, "आजोबा, आमच्या शर्यतींतही दोघी मध्येंच बसल्या. मी नाहीं बसलें."

आदल्या संध्याकाळीं हें आम्हीं विचारलेंच नव्हतें. साठी उलटल्यावर नातीची क्षमा मागणें जड जातें खरें, पण मागितली. दुपारीं तिनें आपले धांवण्याचे बूट स्वतःच पुसून उन्हांत ठेवले.