खाली पाहण्याचे दिवस

2025 च्या जानेवारीच्या शेवटी माझ्या डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके नाचू लागले. अंधारात मान वळवली की कडेला वीज चमकल्यासारखे होई. लहानपणापासून जाड चष्मा आहे, नंबर उणे आठच्या पुढे. डोळ्यांच्या कुरबुरी मला नव्या नव्हत्या. त्यात दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासायला घेतले होते. चष्म्याच्या दुकानात विचारले तर, 'नंबर वाढला असेल मॅडम,' असे उत्तर मिळाले. घरात कुणी विषय काढला की मी म्हणे, "सब्र करा, पेपर तेवढे संपू द्या."

नवव्या दिवशी सकाळी वजू करताना उजव्या डोळ्यात साबण गेला, म्हणून तो मिटला. डाव्याने पाहते तो काय, नळ अर्धाच दिसत होता. नाकाच्या बाजूने एक करडा पडदा वर चढला होता.

त्याच दिवशी चिखलीहून जालना गाठले. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "इतके दिवस का थांबलात?" सब्र केला, असे उत्तर ओठांवर आले होते. ते तिथेच अडकले. खरे म्हणजे मी सब्र केलाच नव्हता. मी टाळाटाळ केली होती आणि तिला एक चांगले नाव दिले होते.

डोळ्याच्या आतल्या भिंतीला एक नाजूक पडदा चिकटलेला असतो, त्याला रेटिना म्हणतात. माझा तो एका ठिकाणी फाटला होता आणि भिंतीपासून सुटत चालला होता. उणे नंबर मोठा असणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. ठिपके आणि चमक हाच त्याचा इशारा. त्या वेळी गेले तर पुष्कळदा लेझरवर भागते. पडदा सुटला की ऑपरेशन. आणि ज्या मधल्या भागाने आपण अक्षर वाचतो, तो सुटायच्या आत पोहोचलो तर नजर बरीच वाचते. माझा मधला भाग कडेपासून उचलला जाऊ लागला होता. हे सगळे इतके खुलासेवार लिहिते आहे, कारण आपल्या घरांत बायकांचे दुखणे नेहमी कशाच्या तरी 'नंतर' असते. आधी परीक्षा, मग लग्न, मग रमजान.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झाले. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून त्या जागी वायू भरला. लेझरने डागलेली जागा घट्ट धरेपर्यंत पडदा भिंतीशी दाबून ठेवणे, हे त्या वायूचे काम. गवंड्याच्या लेव्हलमधला बुडबुडा जसा नेहमी वरच जातो, तसाच हा डोळ्यात वर जातो. पडदा तर डोळ्याच्या मागच्या बाजूला. म्हणजे मागची बाजू वर यायला हवी. म्हणून मान खाली. दहा दिवस, झोपेतसुद्धा. तासातली पन्नास मिनिटे खाली, दहा मिनिटे जेवणखाण आणि बाकीचे.

ऐकायला सोपे वाटते. दुसऱ्या दिवशी मानेत कळा सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी मी रडले. रडायलाही धड येईना, डोळ्याला त्रास होईल म्हणून अम्मी रागावल्या. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनीच मग युक्ती काढली. अंगणात कडुलिंबाखाली आमची जुनी नवारीची बाज असते. तिच्या डोक्याकडच्या दोन पट्ट्या त्यांनी मुलाकडून सोडवून घेतल्या, कडेने जुन्या गोधडीची घडी लावली. पालथी पडून त्या फटीत चेहरा ठेवला की श्वास मोकळा राही आणि खाली हातभर जमीन दिसे. उजव्या डोळ्याने पाहायची मुभा होती.

तीच हातभर जमीन दहा दिवस माझे सगळे जग होती.

पहिले दोन दिवस तिथे काहीच नव्हते. माती, एक बांगडीचा तुकडा, बाजेच्या पायाची सावली. मग मुंगळ्यांची वाट दिसली. ते उन्हाबरोबर रस्ता बदलत. सकाळी बाजेच्या पायाकडून, दुपारी भिंतीकडून. मग पाने पडू लागली. कडुलिंबाची पानगळ मी आयुष्यभर पाहत आले, म्हणजे झाडून काढत आले. पान पडताना कधी पाहिले नव्हते. पडणारे पान आधी पिवळे होते, मग त्याची सावली जमिनीवर थरथरत येते आणि मग पान. सावली आधी पोहोचते. सकाळ असो की दुपार, पान शेवटी सावलीवरच येऊन पडे.

अम्मी म्हणाल्या, "मी अंगण झाडू का?" मी म्हटले, "तेवढी जागा सोडा."

शेजारच्या काकू डोकावल्या. "मॅडम, मान दुखत असन ना लय? अन् खाली पाहता तरी काय दिवसभर?" त्यांना मुंगळे दाखवले. त्या बाजेशेजारी उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

नमाजचा प्रश्न होताच. डॉक्टरांनी कपाळ टेकवायला मनाई केली होती, धक्का नको म्हणून. मी खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज अदा करी. दिवसभर मान खाली आणि सजदा मात्र नाही, याचे मला फार वाईट वाटे. आजाऱ्याने उभे राहून जमत नसेल तर बसून, बसून जमत नसेल तर कुशीवर नमाज अदा करावी, ही सवलत खुद्द प्रेषितांनी (स.) दिलेली आहे. हे मी वर्गात मुलांना कितीदा सांगितले असेल! स्वतःवर वेळ आल्यावर सवलत घेणे जड जाते. त्यातही थोडा अहंकार असतो की काय, कोण जाणे.

मुलगी संध्याकाळी फोनवर सूरह यूसुफची किरात लावून देई. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे दुःखाने पांढरे झाले होते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. सब्रे जमील हा शब्दही तिथलाच. पण या वेळी एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. दृष्टी गेलेले हे वडील नुसते बसून राहत नाहीत. ते मुलांना पाठवतात: जा, यूसुफला आणि त्याच्या भावाला शोधा, अल्लाहच्या रहमतीची आशा सोडू नका. ज्यांचा सब्र आपण उदाहरण म्हणून सांगतो, ते शोध घ्यायला लावतात. मला 'पेपर संपू द्या' आठवले आणि लाज वाटली.

21 फेब्रुवारीला दहावीची परीक्षा सुरू झाली. त्याआधी आमच्या उर्दू शाळेच्या चार-पाच मुली रोज दुपारी येऊन बाजेजवळ बसत, मराठीचे निबंध मोठ्याने वाचत. मी जमिनीकडे पाहत चुका सांगे. 'पूर्णविराम कुठे गेला?' विचारले की त्या हसत. वाचताना श्वास घेतला नाही, यावरून मला तो कळे.

आता बुडबुड्याची गंमत. डोळ्यात वायू वर असतो, पण पडद्यावर चित्र उलटे पडते, त्यामुळे आपल्याला तो खाली दिसतो. आमच्या विज्ञानाच्या सरांनी वहीवर आकृती काढून हे समजावले. वायू हळूहळू विरतो तसे स्वच्छ दिसणे वरून सुरू होते. आधी नजरेच्या वरच्या कडेला उजेडाची एक पट्टी आली, मग तिची खालची रेषा रोज थोडी थोडी उतरू लागली, उन्हाळ्यात विहिरीचे पाणी उतरावे तशी. मान हलवली की रेषा हिंदकळे. पहिल्या तपासणीला जाताना देऊळगाव राजाच्या रस्त्यावर 'हे' म्हणाले, पळस फुलला आहे. मला फक्त माझ्या चपला दिसत होत्या. दुसऱ्या वेळी डाव्या डोळ्याच्या पट्टीत पळसाचा नुसता शेंडा दिसला. खोड नाही, बांध नाही. हवेत टांगलेला केशरी ठिपका.

मलकापूरला माहेरी जायचा हट्ट मी याच काळात धरला होता. डॉक्टरांनी साफ नकार दिला. येताना राजूर घाट चढायचा, उंचीवर हवेचा दाब कमी होतो, डोळ्यातला वायू फुगतो, जोखीम नको. विमानाचे ऐकले होते, आमच्या घाटाचे माहीत नव्हते. मग माहेरच इकडे आले.

2 मार्चला रमजान सुरू झाला. पोटातल्या गोळ्या चालू होत्या, म्हणून पहिले दहा रोजे सुटले. अकराव्या दिवसापासून धरले. त्याच आठवड्यात सजद्याची परवानगी मिळाली. त्या दिवशीच्या जोहरबद्दल मी काही लिहिणार नाही.

30 मार्चला गुढीपाडवा होता आणि आमचा एकोणतिसावा रोजा. सकाळी काकू कडुलिंबाची डहाळी न्यायला आल्या. झाड तोवर नव्या तांबूस पानांनी भरून गेले होते आणि फुले रव्यासारखी बाजेवर सांडत होती. डाव्या डोळ्यात बुडबुडा आता मसुराच्या दाण्याएवढा उरला होता. संध्याकाळी सगळे गच्चीवर चढले. चंद्र मला उजव्या डोळ्याने दिसला. उजवा झाकून पाहिले. डाव्याने एक कोर दिसली, थोडी वाकडी, जणू कुणी मधे चिमटा काढला आहे. चार दिवसांनी बुडबुडा गेला. वाकडेपण राहिले. आणखी कमी होईल, पूर्ण जाणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. वर्षा-दोन वर्षांत या डोळ्याला मोतीबिंदू येईल, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. तपासणीची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे, परीक्षेच्या तारखांच्या वर.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. फळ्यावर तारीख लिहून मी पहिले वाक्य लिहिले, तेव्हा मागून आवाज आला, "मॅडम, ओळ वर चालली." मी दोन पावले मागे सरून पाहिले. मला ती सरळच दिसत होती. खडू त्या मुलीच्या हातात दिला आणि म्हटले, "ये, तू लिही. मी सांगते."