जासईचे दि. बा.

16 जानेवारी. सकाळी नवी मुंबईजवळच्या जासईत हुतात्म्यांना फुलं वाहून आलो. आता रात्री अमेरिकेचा एकेकाळचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन वाचतोय. जमीन कसणारा माणूस हाच लोकशाहीचा कणा, असं तो मानायचा. (त्याच्या स्वतःच्या शेतावर मात्र गुलाम राबत, हे विसरवत नाही.) वाचताना सारखे आठवतात ते दि. बा. पाटील, याच जासईचे. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. नवी मुंबईसाठी भातशेती गेली, मिठागरं गेली, तेव्हा त्यांनी नुसता वाढीव दर मागितला नाही. उभ्या राहणाऱ्या शहरात शेतकऱ्याचा वाटा मागितला. मला हा विचार जेफरसनपेक्षा मोठा वाटतो. 1984 च्या जानेवारीत त्यासाठीच्या आंदोलनावर गोळ्या चालल्या, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं.