तिरप्या चौकोनाची चाल

सायकलचा गिअर बदलणारा जुना मागचा डिरेलर हातात आला की बरेच जण आधी नाव वाचतात. मी तो आधी हलवून बघतो. दोन पुल्या धरणाऱ्या केजचं खालचं टोक दोन बोटांत धरून आत-बाहेर ढकलायचं. सांध्यांच्या पिनांमध्ये झालेली बारीक झीज वर दिसत नाही, पण लांब केजच्या टोकाशी ती मोठी होऊन बोटांना कळते. मग मागून एका डोळ्याने दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते पाहायचं. केज वाकलेली असेल तर कधीकधी सरळ करता येते. झिजलेल्या सांध्यांवर मात्र माझ्याकडे तरी इलाज नाही. असा डिरेलर कितीही चकचकीत असला तरी मी परत ठेवतो.

डिरेलर मुळात भटक्यांचा. फ्रान्समध्ये सेंत-एतियेनच्या डोंगरात ‘वेलोसिओ’ या नावाने लिहिणारे पॉल द व्हिव्ही अनेक गिअरांचा हट्टाने पुरस्कार करत होते, तेव्हा स्पर्धावाले असे गिअर म्हणजे कमजोरांचं साधन समजत. टूर द फ्रान्सने डिरेलरला वाट दिली ती थेट १९३७ मध्ये. म्हणून टूरिंगसाठी डिरेलर निवडताना शर्यतींतली कीर्ती हा निकष मला पटत नाही.

कॅम्पान्योलोचा न्युओव्हो रेकॉर्डच घ्या. १९६७ पासूनचा हा डिरेलर देखणा आहे, आणि सांभाळला तर माणसाच्या आयुष्याला पुरेल इतका टिकाऊ. पण त्याचा समांतरभुज चौकोन वरची पुली सरळ आडवी सरकवतो. मागची चक्रं तर आत जाताना मोठी होत जातात. सर्वांत मोठ्या चक्राला पुली घासू नये म्हणून ती एवढी खाली ठेवावी लागते, की लहान चक्राशी आल्यावर मध्ये चेनचा लांब मोकळा तुकडा लोंबतो. पुली सरकते, चेन मात्र विचार करत बसते. शर्यतीच्या जवळजवळच्या दातांवर हे खपून जातं. भरलेल्या पॅनिअर घेऊन वरंधा घाट चढताना वेग आधीच मेलेला असतो. तिथे चेनने उशीर केला की पाय टेकावाच लागतो.

याचं उत्तर १९६४ मध्ये जपानच्या सनटूरने दिलं. त्यांनी चौकोनच तिरपा केला. पुली आत जाताना खालीही उतरते, म्हणजे चक्रांच्या उताराला धरून चालते, आणि अंतर जवळपास सारखं राहतं. इतकी साधी, इतकी नेमकी कल्पना सायकलच्या इतिहासात मला फारशी दिसत नाही. पेटंट १९८४ मध्ये संपलं आणि शिमानोनेही तोच तिरपेपणा उचलला. आजचे बहुतेक डिरेलर त्याच वाटेवर आहेत. त्यामुळे सनटूरचा लांब केजचा व्ही-जीटी स्वस्तात मिळत असताना केवळ नावासाठी महागडा इटालियन लावणं मला चुकीचं वाटतं.

फ्रेंच ह्युरेचा ड्युओपार याहून धाडसी. एकाऐवजी दोन चौकोन, आणि त्यातल्या दुसऱ्यामुळे चेनच्या ताणानुसार पुली वर-खाली होते. प्रचंड मोठ्या फरकाच्या दातांवरही तो लोण्यासारखा चालतो. पण सांधे जास्त, तेही नाजूक. चिखलातून रोज जाणाऱ्याला मी तो देणार नाही. घरी येऊन पुसणाऱ्याला आनंदाने देईन.

वय ओळखायच्या खुणा अंगावरच असतात. न्युओव्हो रेकॉर्डवर ‘पेटंट’ या शब्दापुढे दोन आकडी साल कोरलेलं सापडतं. शिमानोच्या मागच्या बाजूला दोन रोमन अक्षरं असतात: पहिलं वर्षाचं, ‘ए’ म्हणजे १९७६, दुसरं महिन्याचं. हरणाचं डोकं कोरलेल्या डिओर एक्सटीवर ‘एच-ई’ दिसलं तर तो मे १९८३चा.

घेण्याआधी एक हिशोब मात्र कराच. पुढे ४८ आणि २८ दात, मागे १४ ते ३२ असतील, तर फरक २० अधिक १८, म्हणजे ३८. एवढी चेन आवळायची ताकद छोट्या केजमध्ये नसते. लिव्हर फ्रिक्शनचे असतील तर कोणत्याही कंपनीचा डिरेलर चालतो. टकटक करत गिअर पडणाऱ्या लिव्हरना मात्र केबलच्या खेचीचं प्रमाण जुळावं लागतं. शिमानोच्याच १९८४च्या ड्युरा-एसचं प्रमाण त्यांच्या इतर मालिकांपेक्षा वेगळं आहे.

शेवटी फ्रेमचा हँगर, म्हणजे डिरेलर जिथे बसतो तो भाग. कॅम्पान्योलो पद्धतीच्या १० मिमी आट्यांच्या भोकात जपानी डिरेलर सहज बसतो. जुन्या फ्रेंच फ्रेमवरच्या सिम्प्लेक्स हँगरला आटेच नसतात. लोक तिथे सरळ टॅप फिरवून आटे पाडतात. सायकल चालू होते, पण फ्रेम कायमची बदलते, आणि चांगल्या फ्रेमला मी ते करत नाही. तिच्यासाठी सिम्प्लेक्सच शोधायचा: डेलरिन प्लास्टिकचा असेल तर बोल्टभोवती तडा गेलाय का ते भिंगाखाली बघून, आणि नशिबाने धातूचा सुपर एलजे मिळाला तर भावात फार घासाघीस न करता.