किल्ला, नेवासे, राळेगण : मनाविषयी काही टिपणे

नगर-दौंड रस्त्यावर अरणगावला मेहेरबाबांची समाधी आहे. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच येतं.) 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे बाबांचं आवडतं वाक्य. त्यांच्या फोटोखाली ते छापलेली कार्डं आणि पोस्टरं पार अमेरिकेत पोचली. बॉबी मॅकफेरिन या गायकाच्या नजरेस असं एक पोस्टर पडलं आणि १९८८ साली त्याचं गाणं झालं. वाद्य एकही नाही, सगळे आवाज त्याच्याच गळ्यातले आणि अंगावर थाप मारून काढलेले. ते तिकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. मागाहून अफवा उठली की गायकाने आत्महत्या केली. धादांत खोटी, पण वर्षानुवर्षं फिरत राहिली. ऐन दुःखात कुणीतरी हे गाणं ऐकवलं, त्याचा सूड कुण्या दुखावलेल्याने असा उगवला असावा, अशी मला शंका आहे.

बाबांच्या मूळ सांगण्यात याच्या आधी आणखी एक गोष्ट होती : तुमच्याकडून होईल तेवढं आधी करा. गाण्यात तेवढी गळाली.

*

सकाळी सहा वाजता मोबाईलवर सूर्योदयाचं चित्र आणि 'पॉझिटिव्ह राहा'. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ज्याला रात्री दोनपासून झोप नाही त्याला मात्र त्यातून एवढंच कळतं की हेही आपल्याला जमत नाही.

*

९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले गेले आणि कार्यकारिणीतले बारा जण नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं हे शाळेत पाठ होतं. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी बागकामाविषयी लिहिलंय. जमीन खडकाळ, खाली जुन्या बांधकामांचा राडारोडा. तरी तिथे खणून फुलांचे वाफे केले. हे वाचताना मला लेखक नेहरूंपेक्षा कुदळवाले नेहरू जवळचे वाटतात.

मला राहून राहून आठवतात ते त्याच बारांतले मौलाना आझाद. पहाटे तीन-चारला उठायचं, स्वतःच्या हाताने चिनी चहा करायचा आणि मित्राला पत्र लिहायला बसायचं. पत्रं बाहेर जाणार नव्हतीच. सुटकेनंतर १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' म्हणून ती छापली गेली. खोलीत शिरणाऱ्या चिमण्यांशी आधी झालेली लढाई आणि मग जमलेली दोस्ती यावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मराठीत कुणी लिहिलं असतं तर मध्ये कुठेतरी तात्पर्य घुसलं असतं.

१९४३ च्या वसंतात त्यांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात गंभीर आजारी होत्या. सरकारकडे सवलत मागायची नाही, असं आझादांनी ठरवलं होतं. दिनक्रम जराही ढळू दिला नाही. वर्तमानपत्र यायची वेळ झाली की छातीत धडधडायचं, पण उठून पुढे जायचे नाहीत. जेवण ठरल्या वेळी, बोलणं नेहमीसारखं. एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्यानंतरच्या पत्रात त्यांनी स्पष्ट कबूल केलंय की तो सगळा धीर वरवरचा होता, आपल्या अहंकाराने रचलेलं नाटक होतं.

हे पत्र मला कुठल्याही प्रेरणादायी पुस्तकापेक्षा मोलाचं वाटतं. दिनक्रमाने त्यांना उभं ठेवलं हेही खरं आणि आत सगळं पडलेलं होतं हेही खरं. त्यांनी दोन्ही लिहिलं. आपण फक्त पहिलं सांगतो.

*

नेवाशात पैसाचा खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, साल १२९०. दुर्गाबाई भागवतांच्या 'पैस' या पुस्तकाला नाव याच खांबावरून मिळालं. दर्शनाला गर्दी असते; पण ग्रंथ सुरू होतो तो अर्जुनाच्या खचण्याने, हे त्या गर्दीत कुणाच्या मनात येत असेल का, कोण जाणे. गात्रं गळाली, तोंडाला कोरड, अंगाला कापरं, कातडीची आग, धनुष्य हातातून निसटतंय, मन भोवंडतंय. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरने लिहून घ्यावी अशी ही यादी. आमच्याकडची माणसंही मन बिघडलं की आधी शरीराचंच सांगतात : मुंग्या येतात, छातीत धस्स होतं, डोकं जड असतं.

आणि दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण काय करतो? 'हे तुला शोभत नाही, दुबळेपणा टाक, ऊठ' असं खडसावतो. म्हणजे 'पॉझिटिव्ह राहा'चाच प्रकार. परिणाम? अर्जुन 'मी लढणार नाही' म्हणतो आणि गप्प बसतो. खुद्द भगवंताचा पहिला सल्ला वाया गेला! मग पुढे सतरा अध्याय बोलावं लागलं, प्रश्न ऐकून घ्यावे लागले, तेच तेच पुन्हा सांगावं लागलं. नातेवाईक पहिल्या दोन श्लोकांवर थांबतात.

*

विचार बदलून मन सावरतं, हे शास्त्रही मानतं. अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास आणि आरन बेकने साठच्या दशकात यावर उपचारपद्धती उभ्या केल्या. मराठीत अंजली जोशींच्या 'मी, अल्बर्ट एलिस'मुळे पहिलं नाव बऱ्याच वाचकांना ओळखीचं आहे. पण एलिस 'सगळं छान होईल' म्हणत नव्हता. उलट अशा गुलाबी बोलण्याचा त्याला तिटकाराच होता.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. घोडेगावच्या मार्केटात कांदा नेला, भाव पडलेला, वाहनभाडंही सुटलं नाही. 'भाव वाढेल, चिंता नको' हा सकारात्मक विचार. तो कदाचित खोटा ठरेल. 'कांदा मातीमोल गेला, म्हणजे मी बाप म्हणून नालायक, पोरीच्या लग्नात तोंड कसं दाखवू' हा मारणारा विचार. एलिस या दोन्हींच्या मध्ये बोट घालतो : कांदा गेला, नुकसान झालं, वाईट झालं, कबूल. पण नालायक कुठून आलं? ते मार्केटच्या पट्टीवर लिहिलंय का?

ही फोड शिकता येते. मात्र आजार खोल असेल तेव्हा असली फोड करण्याइतकंही बळ डोक्यात उरत नाही. तिथे 'विचार निवड' म्हणणं निर्दयपणा आहे.

*

अण्णा हजारेंची गोष्ट जिल्ह्यात सगळ्यांना तोंडपाठ. तरुणपणी जगण्यात अर्थ वाटेना, जीव द्यायचं ठरवलं, कारणं कागदावर लिहूनही काढली. मग दिल्ली स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर विवेकानंदांची पुस्तिका हाती लागली. १९६५ च्या युद्धात खेमकरणला गाडीवर हल्ला झाला, सोबतचे मेले, हे वाचले. १९७५ मध्ये लष्कर सोडून ते राळेगणसिद्धीला परतले.

सांगणारे पुस्तिकेवर थांबतात. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो : यादवबाबांच्या देवळाची दुरुस्ती, दारूच्या बंद झालेल्या भट्ट्या, विलासराव साळुंखेंकडून घेतलेले पाणलोटाचे धडे, नाल्यांवरचे बांध. गावचं नैराश्य विहिरीला पाणी आल्यावर हललं.

*

शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची 'माउली' संस्था आहे. रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्ण बाया इथे आणल्या जातात. अंघोळ, जेवण, जखमांवर मलमपट्टी, औषध. बोलणं त्यानंतर कधीतरी.

*

टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा : १४४१६. फुकट, मराठीत, केव्हाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. आमच्या तालुक्यात हा नंबर भिंतीवर रंगवलेला मी पाहिला नाही. वशीकरण आणि करणी उतरवणाऱ्यांचे तीन-तीन नंबर मात्र एसटी स्टँडवर आहेत.

*

पारनेरकडचे एक आप्पा. वर्षभर गप्प असत, वावरात पाय टाकत नसत. सून डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या, गावात सांगितलं पित्ताच्या. दोन-तीन आठवडे काहीच फरक नाही म्हणून आप्पा गोळ्या फेकून देणार होते, सुनेने देऊ दिल्या नाहीत. परवा भेटले तेव्हा मी विचारलं, "कसं वाटतंय आप्पा?"

"झोप लागती आता."

"आणि विचार?"

"ते येत्यात की. पण मधी एखादा दुसराबी येतो." मग जरा थांबून म्हणाले, "तुमाला काय वाटतं, औंदा गावरान कांदा टाकू का नको?"

मी म्हटलं, मला कांद्यातलं कळत नाही. त्यावर त्यांनी मला अर्धा तास रोपांबद्दल सुनावलं.