चेहरे नकोत हं

आज तिसऱ्यांदा गेलो. सदाशिव पेठेत वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या. कुबड्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या अनामत घेऊन वापरायला देतात. भिंतीवर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र, काचेवर धूळ. कॅमेरा बॅगेतच राहिला. तिथलं काम पाहणाऱ्या काकू म्हणाल्या, "अरे, शूटिंग कर की, पण सामान न्यायला येणाऱ्यांचे चेहरे नकोत हं." माझी अर्धी पटकथा तिथेच गारद. फिल्मच्या वर्गात सरांना 'भावनिक क्षण' हवेत. मला आता ते मागायचीच लाज वाटते.

मग नोंदवही चाळत बसलो. नेल्याची तारीख, अनामत, परतीची तारीख. एका हॉस्पिटल बेडपुढे तारखेऐवजी नुसतंच, 'मुलगा देऊन गेला. अनामत नको म्हणाला.' काकूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं नि पान उलटलं.

दहा मिनिटांची फिल्म. चेहरे नाहीत तर हात घेऊ. कुबडीच्या तळाचं झिजलेलं रबर तिथले काका बदलतात, ते जवळून. पंखा मात्र भयंकर घरघरतो, आणि ऐन मे महिन्यात तो बंद करा म्हटलं तर काका मलाच बाहेर काढतील. उद्या कुणाकडून तरी कॉलर माइक मागायचा.